अंगावर नक्कल, पेटीत अस्सल : सातारा-सांगलीच्या फौजी सदऱ्याचे काय करावे?

१/
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या अनेक फौजी घरांत माळ्यावर एक काळी लोखंडी पेटी असते. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि क्रमांक. आत पदके, डिस्चार्ज बुक, एखादा पिवळा पडलेला फोटो आणि तळाशी घडी घातलेला खाकी किंवा हिरवा सदरा. जुन्या लष्करी कपड्यांचा बाजार आता जगभर आहे, आणि ‘विंटेज मिलिटरी शर्ट’ हे शब्द इथल्या तरुणांच्याही तोंडी रुळले आहेत. इतिहासाची आवड असणाऱ्यापुढे मग प्रश्न येतो : अस्सल जुना शर्ट विकत घ्यावा, की नव्याने शिवलेली प्रतिकृती?

२/
हा प्रश्न बहुधा किमतीच्या आणि हौसेच्या अंगाने चर्चिला जातो. सातारा-सांगलीपुरता तरी तो पुराव्याचा प्रश्न आहे. या धाग्याचे म्हणणे थोडक्यात असे : अंगावर घालायची ती प्रतिकृती. अस्सल शर्ट ज्या घरचा आहे त्याच घरी, नावागावासह राहावा. जो शर्ट आधीच बाजारात येऊन पडला आहे, तो घेणाऱ्याने स्वतःला त्याचा राखणदार समजावे. असे का, ते पुढे क्रमाने.

३/
आधी भूगोल. १९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही महायुद्धांच्या कागदपत्रांत ‘जिल्हा सातारा’ असे लिहिलेला शिपाई आजच्या हिशेबाने सांगलीचाही असू शकतो. माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतचा पट्टा कमी पावसाचा. शेती बेभरवशाची आणि पलटणीचा पगार मात्र ठरलेला. या भागातून पिढ्यान्‌पिढ्या मुले फौजेत गेली, त्यामागे परंपरेइतकेच हे साधे गणितही आहे.

४/
सातारा तालुक्यातले अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि ब्रिटिश सरकारने गावात त्यांचे स्मारक उभारले. एका खेड्यातून ४६ म्हणजे जवळजवळ प्रत्येक गल्लीतून एक. अशा गावात जुना लष्करी शर्ट ही ‘दुर्मीळ वस्तू’ म्हणून कुणी पाहत नाही. तो कुणाच्या तरी पणजोबांचा असतो, आणि ते पणजोबा कोणत्या वाड्यातले हे गावाला ठाऊक असते.

५/
हे शर्ट कुठे कुठे गेले, तेही पाहण्याजोगे आहे. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे त्यांना तुर्की सैन्याचा वेढा पडला. अन्न संपत आले, सुटकेचे प्रयत्न फसले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांनी शरणागती पत्करली. कैदेतल्या वाटचालीत आणि छावण्यांत त्यांतले पुष्कळ दगावले. १९२२ च्या फेररचनेत या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत सामावल्या आणि बेळगाव हे त्यांचे केंद्र झाले.

६/
मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगे नसलेल्या सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक आहे. तिथे ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला दगडावर नाव आले नाही. पलटणीपुढे त्यांची फक्त संख्या आली. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध करून या विषमतेची कबुली दिली. दगडाने ज्याचे नाव घेतले नाही, त्याचा क्रमांक जर एखाद्या कपड्याच्या कॉलरच्या आत शाईने लिहिलेला उरला असेल, तर तो कपडा काय मोलाचा आहे हे वेगळे सांगायला नको.

७/
आता खुद्द कापडाकडे. ‘खाकी’ हा शब्द ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून आला. १८४६ मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या ‘गाइड्स’ पथकापासून हा रंग हिंदुस्थानी फौजेत शिरला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्क्या रंगाची प्रक्रिया सापडल्यावर सर्वत्र पसरला. फौजेतले खाकी कापड म्हणजे ‘ड्रिल’ : जाड सुती, तिरप्या विणीचे, टिकाऊ. नवे असताना गडद, आणि धोब्याच्या दगडावर वर्षानुवर्षे आपटून जवळजवळ पांढरे. जुने शिपाई फिकी खाकी अभिमानाने मिरवत, कारण कपडा जितका फिका तितकी नोकरी जुनी.

८/
प्रतिकृती विकणाऱ्यांची सर्वांत ठळक चूक इथेच होते. पहिल्या महायुद्धातला हिंदी शिपाई म्हणून कॉलरचा, दोन खिशांचा, पुढून पूर्ण उघडणारा शर्ट दाखवला जातो. त्या काळच्या हिंदी पायदळाचा नेहमीचा पोशाख खाकी ड्रिलचा कुर्ता होता : बिनकॉलरचा, सैल, गुडघ्यांच्या आसपास पोहोचणारा, डोक्यावरून घालायचा. कुतच्या वेढ्यातला मराठा शिपाई आजच्या ‘सफारी शर्ट’मध्ये रंगवणे म्हणजे मावळ्याच्या हातात दुर्बिणीची बंदूक देण्यासारखे आहे. चांगली प्रतिकृती करायची तर आधी फोटो पाहावे लागतात, आणि फोटो बहुधा त्या काळ्या पेटीतच असतात.

९/
दुसऱ्या महायुद्धात चित्र बदलले. मराठ्यांची तिसरी बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनला खाकीत लढली. तीच बटालियन १९४४ मध्ये इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात होती. इटलीच्या हिवाळ्यात सुती शर्टावर लोकरी बॅटलड्रेस चढला. चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांशी झुंजली. ब्रह्मदेशाच्या जंगलात खाकी चटकन नजरेत भरे, म्हणून त्या आघाडीवर हिरव्या कपड्यांची चाल पडली. एकाच तालुक्यातल्या तिघा भावांचे तीन ‘दुसऱ्या महायुद्धाचे शर्ट’ रंगाने आणि कापडाने वेगवेगळे असू शकतात.

१०/
अस्सल शर्ट ओळखण्याच्या खुणा आत असतात. शाईचा ठसा, मापाचा आकडा, बनल्याचे साल, ठेकेदाराची अक्षरे. सरकारी मालावर बाणाच्या फाळासारखी खूण, आणि हिंदुस्थानात बनलेल्या मालावर तिच्याबरोबर अनेकदा इंग्रजी ‘आय’ हे अक्षर. शाहजहानपूरचा लष्करी कपड्यांचा कारखाना १९१४ पासूनचा. पण या साऱ्या खुणा कारखान्याचा पत्ता देतात, माणसाचा देत नाहीत. माणसाचा पत्ता देणारी खूण म्हणजे हाताने लिहिलेला फौजी क्रमांक, बदललेले बटण, कोपरावरचे ठिगळ आणि ते कुणी लावले याची घरात उरलेली आठवण.

११/
असे शर्ट इतके थोडे का उरले? याचे उत्तर युद्धात कमी आणि घरात जास्त सापडते. १९४३ मध्ये देशभर कापडावर सरकारी नियंत्रण आले. कापड टंचाईचे झाले आणि रांगा लागल्या. अशा दिवसांत सुट्टीवर आलेल्या शिपायाच्या पिशवीतला जाड सुती शर्ट ही चैनच. तो आधी धाकट्या भावाने शेतात घातला. मग बाह्या कापून पोराला झाला. शेवटी फाटला तेव्हा घरातल्या बाईने त्याचे तुकडे वाकळेत टाचले. सातारा-सांगलीकडे जुने कापड फेकण्याची रीतच नव्हती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाची खरी खाकी शोधायची तर पेटीइतकीच वाकळही उलगडून पाहावी लागेल.

१२/
या कपड्याला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविना सातारचा इतिहास अर्धाच राहतो. एका घरचा मुलगा सरकारच्या पलटणीत आफ्रिकेत लढत होता, त्याच वेळी त्याच जिल्ह्यात लोक सरकारविरुद्ध उठले होते. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज आणि इस्लामपूर येथे मोर्च्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मारली. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. कुंडलच्या परिसरात तुफान सेना घडली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी लुटली गेली. त्या दिवसांत सरकारी गणवेश दिसला की गावातल्या एका घराला मुलाची आठवण येई आणि शेजारच्या घराला धडकी भरे. जुना शर्ट हौसेने मिरवणाऱ्याला ही दुसरी आठवणही माहीत असायला हवी.

१३/
आता बाजाराकडे. पेटीतला शर्ट विकला जातो तेव्हा नेमके काय घडते? पदके एका गिऱ्हाइकाकडे जातात, कारण त्यांची किंमत वेगळी येते. शर्ट दुसऱ्याकडे. कागद रद्दीत. पेटी भंगारात. चार वस्तू मिळून एका माणसाची गोष्ट सांगत होत्या. सुट्या झाल्यावर त्यांतली एकही ती सांगू शकत नाही. चार हात फिरून पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात तो शर्ट पोहोचतो, तेव्हा त्याच्यावर ‘ब्रिटिश काळातला’ एवढीच ओळख उरलेली असते. गिऱ्हाइकाला अस्सल कापड मिळते. अस्सल इतिहास मात्र वाटेतच गळालेला असतो.

१४/
वस्तूची साखळी तुटली की काय होते, याचे मोठे उदाहरण साताऱ्यानेच पाहिले आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या घराण्यात आणि तिथून संग्रहालयात गेली. त्यांच्या पेटीवरचा मजकूर ती शिवाजी महाराजांची असल्याचे सांगतो. पण अफझलखानाच्या वधासाठी वापरलेली वाघनखे हीच, हे पडताळून पाहणे शक्य नाही, असे खुद्द ते संग्रहालय सांगते. १६५९ आणि ग्रँट डफ यांच्यामधल्या दीडशेहून अधिक वर्षांची नोंद हाती नाही, म्हणून.

१५/
दर्शनाला आलेल्या लोकांच्या भावनेला यामुळे उणेपणा येत नाही. भावना खरीच असते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एक गोष्ट घ्यावी : वस्तू किती जपली यावर तिचे अस्सलपण ठरत नाही. ती कुणाकडून कुणाकडे गेली, याची नोंद जपली गेली का, यावर ते ठरते. इतक्या मोलाच्या शस्त्राच्या बाबतीत हे घडते, तर कुणा शिपायाच्या नावाविना विकलेल्या शर्टाचा निभाव कसा लागावा?

१६/
नोंद नसली की लबाडीला मोकळे रान मिळते. नवे कापड चहाच्या पाण्यात बुडवून जुने करता येते. ठसा नव्या शाईने मारता येतो. पारखी लोक यावर काही उपाय करतात. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा आणि त्याचा बाजारी वापर १९५० च्या दशकातला, त्यामुळे १९४३ चा शिक्का असलेल्या शर्टाची मूळ शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची निघाली तर शंका घ्यावी. अतिनील दिव्याखाली नवा दोरा बहुधा निळसर चमकतो. पण अस्सल शर्टही कधी आजच्या धुण्याच्या पावडरीत धुतला असेल तर तोही चमकतो, कारण कपडे शुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत घातलेली द्रव्ये त्यात उतरतात. दिवा शंका उपस्थित करतो. निकाल घरची नोंदच देते.

१७/
मग प्रतिकृतीला नाक मुरडण्याचे कारण काय? ‘डुप्लिकेट’ हा शब्द मराठीत शिवीसारखा वापरला जातो, हे एक. पण सांगलीने तरी या बाबतीत संकोचू नये. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा प्रारंभ झाला. तेव्हापासून या शहराने असंख्य राजे, ऋषी आणि राक्षस खोट्या दागिन्यांत आणि उसन्या वस्त्रांत पाहिले. प्रेक्षकाला ते वेष खोटे आहेत हे ठाऊक असते, नटालाही ठाऊक असते, म्हणून त्यात फसवणूक नाही. वेष उघडपणे वेष असला की तो आदराचा धनी होतो.

१८/
प्रतिकृती किती गांभीर्याने करता येते, हे जपानने दाखवले आहे. ‘बझ रिकसन्स’ आणि ‘द रिअल मॅकॉइज’ यांसारख्या जपानी कंपन्या अमेरिकी लष्करी कपड्यांच्या प्रतिकृती कापडाची वीण, दोरा, चेन, बटण अशा प्रत्येक अंगाचा अभ्यास करून बनवतात. यात एक गमतीचा प्रसंगही घडला. विल्यम गिब्सन या कादंबरीकाराने २००३ मधल्या ‘पॅटर्न रेकग्निशन’ या कादंबरीत नायिकेला बझ रिकसन्सचे काळे जाकीट दिले. तसे काळे जाकीट कंपनी बनवतच नव्हती. वाचकांची मागणी आल्यावर कंपनीने ते बनवले. म्हणजे जे कधी नव्हतेच, त्याचीही ‘प्रतिकृती’ निघाली. या गोष्टीत धोक्याची सूचनाही आहे : नक्कल सुंदर झाली म्हणजे ती इतिहासाला धरून असतेच असे नाही.

१९/
सातारा-सांगलीला स्वतःची प्रतिकृती स्वतः करता येण्यासारखी आहे. सुती ड्रिल हे अवघड कापड नाही, आणि सांगली जिल्ह्यातले विटा हे यंत्रमागांचे जुने गाव आहे. गावोगावी शिंपी आहेत. लागतो तो नमुना. एखाद्या घरचा अस्सल कुर्ता किंवा शर्ट न उसवता, टेबलावर पसरून, मापे घेऊन कागदावर उतरवला की कित्ता तयार होतो. त्यावरून दहा शर्ट शिवले तर शाळेतले प्रदर्शन होईल, स्मृतिदिनाचे संचलन होईल, एकांकिका होईल. पोरे ते घालून पळतील, घामेजतील, फाडतील. काही बिघडणार नाही. अट एकच : आतल्या बाजूला न निघणाऱ्या शाईने ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि शिवल्याचे साल. पन्नास वर्षांनी हाच शर्ट कुणाला फसवू नये, यासाठी.

२०/
यावर संग्राहकांचा आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. ‘घरचे लोक कुठे जपतात? उंदीर खातात, वाळवी लागते, घर पाडताना पेटी भंगारात जाते. निदान आम्ही पैसे देऊन वाचवतो.’ हे खरे आहे. कित्येक वस्तू केवळ संग्राहकांच्या हौसेमुळे टिकल्या. पण इथे दोन प्रसंग वेगळे करावे लागतील. भंगारात आलेला शर्ट उचलणे म्हणजे वाचवणे. फौजी घरी जाऊन, नातवाला चार नोटा दाखवून, आजी घरात नसताना पेटी उघडायला लावणे म्हणजे वाचवणे नव्हे. पहिल्यात तुटलेली साखळी निदान तिथे थांबते. दुसऱ्यात ती घेणाऱ्याच्या हातानेच तुटते.

२१/
दुसरा आक्षेप स्पर्शाचा. प्रतिकृती सगळे देईल, पण ज्या कापडावर खरा घाम वाळला त्याला हात लावण्याचा थरार देणार नाही. हेही मान्य. अस्सल वस्तू पाहायलाच हवी, आणि ज्याला इतिहास शिकायचा आहे त्याने ती हातात घेऊन शिवण वाचायलाही हवी. पण त्यासाठी ती विकत घ्यावी लागत नाही आणि अंगावर तर मुळीच घालावी लागत नाही. ऐंशी वर्षांचे सुती कापड खांद्यावर आणि काखेत आधी जाते. फोटोपुरता एकदा घातलेला शर्टही पाठीत उभा फाटू शकतो. थरार एका संध्याकाळचा असतो आणि फाटलेले कापड पुन्हा जुळत नाही.

२२/
कायद्याचीही तोंडओळख हवी. १९७२ च्या पुरावस्तू व कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या कपड्यांनी शंभरी ओलांडली आहे. कुतच्या काळातला कुर्ता परदेशी संग्राहकाला पार्सलने धाडणे हा म्हणूनच निरुपद्रवी छंद राहत नाही. दुसऱ्या महायुद्धातले कपडे १९३९ पासून मोजले तर २०३९ नंतर या रेषेपलीकडे जाऊ लागतील.

२३/
प्रतिकृतीलाही एक सीमा आहे. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेने खाकी सोडून ऑलिव्ह ग्रीन स्वीकारला, त्यामुळे जुनी खाकी आता इतिहासजमा आहे. पण सध्या वापरात असलेल्या गणवेशाची नक्कल हा इतिहासाचा विषयच नाही. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये सेनेने नागरिकांना लष्करी धाटणीचे कपडे न वापरण्याचे आणि दुकानदारांना ते न विकण्याचे आवाहन केले होते. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी आलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीची त्याच वर्षी सेनेच्या नावे नोंदणी झाली. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी गणवेश घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवे.

२४/
आता प्रत्यक्ष काय करावे. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांच्यासाठी : शर्ट धुवू नये, इस्त्री करू नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळावा. घडी वर्षातून एकदा बदलावी, नाहीतर कापड त्याच रेषेवर तुटते. डांबरगोळ्या कापडाला थेट लागू देऊ नयेत. कॉलरच्या आतला क्रमांक, ठसे आणि ठिगळे यांचे दिवसाच्या उजेडात फोटो काढावेत. डिस्चार्ज बुकचाही फोटो त्यांच्याबरोबर ठेवावा. पलटण, क्रमांक, गाव आणि शर्ट घरात कसा आला हे पेन्सिलीने कागदावर लिहून त्याच पेटीत टाकावे.

२५/
आणि सर्वांत आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बोलते करावे. बहुतेक घरांत ती आजी असते. सासऱ्यांचा शर्ट तिनेच उन्हाला दाखवलेला असतो आणि पेटीची किल्लीही तिच्याचकडे असते. ‘हे ठिगळ कुणी लावलं?’ एवढा एक प्रश्न विचारून मोबाइलवर तिचा आवाज नोंदवून ठेवावा. शर्ट आणखी पन्नास वर्षे टिकेल. ती माहिती मात्र तेवढी थांबणार नाही.

२६/
ज्यांच्याकडे बाजारातून आलेला शर्ट आहे त्यांच्यासाठी : विकणाऱ्याला तो कुठून मिळाला हे विचारून, जे सांगेल ते तारखेसह लिहून ठेवावे. क्रमांक वाचता येत असेल तर रेजिमेंटच्या केंद्राकडे किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे चौकशी करून पाहावी. घराचा पत्ता लागला तर शर्ट परत द्यावा, निदान फोटो तरी द्यावेत. पत्ता लागला नाही तर एखाद्या संग्रहालयात, केलेल्या नोंदीसह ठेवावा. पुढे विकण्याची वेळ आलीच, तर शर्टाबरोबर तो कागदही जायला हवा.

२७/
अपशिंग्याच्या स्मारकात ४६ जण आहेत. बसऱ्याच्या दगडावर मराठा पलटणींच्या शिपायांची संख्या आहे. या दोहोंच्या मधली माणसे कुणाच्या तरी माळ्यावर, काळ्या पेटीत, एका क्रमांकाच्या रूपाने शिल्लक असतील. इतिहासप्रेमी तरुणाने अभिमानाने प्रतिकृती घालावी, सुट्टीत गावी गेल्यावर आजीकडून किल्ली मागून घ्यावी, आणि तो क्रमांक वहीत उतरवून झाल्यावर शर्ट होता तसा, होता तिथेच ठेवून पेटी बंद करावी.

(धागा समाप्त)